जुन्या फोटोतली गाडी: शोध कुठून धरायचा

कपाट आवरताना जुना फोटो सापडतो. आजोबा उभे, मागे गाडी, फुटबोर्डावर एक पोरगा चढलेला. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "ही आमची शेवरोले." शोध बिघडतो तो याच क्षणी, कारण त्यानंतर प्रत्येक आत्या, प्रत्येक काका तीच शेवरोले आठवू लागतो. सहा महिन्यांनी कळते की गाडी फोर्ड होती, आणि आजोबांची तर नव्हतीच.

गोव्यात असे शोध मी स्वतः केले आहेत आणि दुसऱ्यांचे अडलेलेही पाहिले आहेत. अडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: तीन वेगळे प्रश्न एकत्र सोडवायला घेतलेले असतात. गाडी कुठल्या मॉडेलची? त्या मॉडेलच्या हजारो गाड्यांतली ही नेमकी कुठली? ती कोणाची होती आणि पुढे तिचे काय झाले? पहिल्याचे उत्तर फोटो देतो, दुसऱ्याचे नंबर देतो आणि तिसऱ्याचे फक्त कागद देतात. हा क्रम मोडला तर हाती गोष्ट येते, इतिहास येत नाही.

तयारी: एक वही, तीन रकाने

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: "फोटोत दिसले", "कागदावर मिळाले", "ऐकले". प्रत्येक नोंद यांपैकी एकाच रकान्यात जाईल आणि तिच्यापुढे तारीख व कुठून मिळाली तेही येईल. आत्याने सांगितलेला नंबर "ऐकले" मध्येच राहील, तिने कितीही ठामपणे सांगितला तरी. वही नसेल तर पुढचे काही सुरू करू नका.

टप्पा १: फोटो वाचवा, मग वाचा

आपल्याकडची हवा फोटोंची वैरीण आहे. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो दमट हवेत फुगतो, चिकट होतो आणि समोरच्या पानाला किंवा फ्रेमच्या काचेला धरतो. म्हणून हे काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. जूनमध्ये अल्बम उघडून पाने ओढली तर फोटोतली गाडी समोरच्या पानावर जाऊन बसते.

फोटो काचेला चिकटला असेल तर काढू नका, काचेतूनच स्कॅन करा. बुरशी दिसली तर घराबाहेर, तोंडाला कापड बांधून, कोरड्या मऊ ब्रशने हळू झटका. ओले कापड नको, स्पिरिट तर नकोच.

स्कॅन असे करा:

- पूर्ण फोटो ६०० डीपीआयवर, गाडीचा भाग वेगळा १२०० डीपीआयवर.
- फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्ये. पिवळेपणा, शाईचा रंग, पेन्सिलची खूण त्यातच टिकते.
- साठवणूक टिफ फाइलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत कामाची नाही, कारण ती दाबून लहान झालेली असते.
- पाठची बाजूही स्कॅन करा. कोऱ्या दिसणाऱ्या पाठीवर टॉर्च आडवी धरली की पेन्सिलने दाबलेली अक्षरे उमटून दिसतात.
- अल्बममधले आधीचे आणि नंतरचे फोटोही घ्या. एकाच रोलवरच्या दुसऱ्या फोटोत गाडीची मागची बाजू असू शकते.

सावध: नंबरची पाटी धूसर आहे म्हणून एआयने फोटो "साफ" करून घेऊ नका. ते साधन पुसलेले अंक परत आणत नाही, नवे तयार करते. अशा प्रतीत ३ चा ८ झालेला मी पाहिला आहे, आणि त्या ८ च्या मागे एक कुटुंब वर्षभर फिरले. उजेड आणि कॉन्ट्रास्ट कमीजास्त करण्यापलीकडे जाऊ नका.

टप्पा २: फोटो उलटा छापलेला नाही ना?

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो वाटतात त्याहून जास्त असतात. मग स्टिअरिंग उजवीकडचे डावीकडे जाते आणि गाडी कुठल्या देशातल्या बाजारासाठी बनली याचा अंदाज पूर्ण चुकतो.

दुकानाची पाटी किंवा नंबर वाचता आला तर प्रश्न मिटला. नाहीतर माणसांकडे पाहा. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, साडीचा पदर साधारणपणे डाव्या खांद्यावर, घड्याळ बहुधा डाव्या मनगटावर. तिन्हीपैकी दोन खुणा विरुद्ध दिसल्या तर फोटो आरशासारखा उलटवून पुढे जा आणि वहीत तशी नोंद करा.

टप्पा ३: गाडी झाकून जागा आणि काळ ठरवा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. खरोखर गाडीवर कागद ठेवा आणि उरलेला फोटो वाचा. गाडीवरून फक्त "याच्या आधीचा नाही" एवढेच कळते. १९३८ ची गाडी १९५६ च्या लग्नात आरामात उभी असू शकते, कारण आपल्याकडे गाड्या पंधरा-वीस वर्षे सहज चालवल्या जात. फोटोचा काळ पार्श्वभूमीच सांगते.

पणजीतला फोटो असेल तर काही पक्के खुंटे आहेत. जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा १९४५ चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. ती जागा फोटोत आहे पण पुतळा नाही, तर फोटो त्याआधीचा. मांडवीकाठचे हॉटेल मांडवी १९५२ चे. मांडवीवरचा नेहरू पूल १९७१ चा, जुवारीवरचा पूल १९८३ चा.

इथेच एक सापळा आहे. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी दिसली की लोक लिहितात, "१९७१ पूर्वीचा फोटो." पण नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि नवा पूल १९९२ मध्ये आला. मधल्या वर्षांत गाड्या पुन्हा फेरीबोटीवर चढत होत्या. फेरीबोट एवढ्यावर काळ ठरत नाही. माणसांचे कपडे, बोटीवरच्या इतर गाड्या, मागचा किनारा, सगळे पाहा.

पाठीवरच्या खुणा:

- "नोव्हा गोवा" छापलेले कार्ड पोर्तुगीज काळातले. १८४३ पासून पणजीचे ते अधिकृत नाव होते.
- स्टुडिओने किंमत लिहिली असेल तर चलन पाहा. एस्कुदो गोव्यात १९५९ पासून चालू झाला, त्याआधी रुपियाच होता. किंमत एस्कुदोत असेल तर फोटो जेमतेम तीन वर्षांच्या खिडकीत बसतो, कारण डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले.
- फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर असेल आणि तिकिटाच्या चौकोनाभोवती "आझो" हे फोटोकागदाचे नाव लिहिलेले असेल तर कोपऱ्यांतले त्रिकोण पाहा. चारही वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० चा.

तपासा: या टप्प्याअखेर वहीत "१९५२ नंतर, १९६१ आधी" असे दोन टोकांचे वाक्य हवे. एकच वर्ष लिहिले असेल तर ते खोडा.

टप्पा ४: आता गाडी उघडा आणि मॉडेल ठरवा

बॉनेटवरच्या चिन्हापासून सुरुवात करू नका. जाळी आणि चिन्ह हे सगळ्यात आधी बदलले जाणारे भाग. अपघात झाला, जुना भाग मिळेना, दुसऱ्या गाडीचा बसवला, हे सर्रास चालायचे. जे सहज बदलता येत नाही तिथून सुरू करा: काचांचा आकार, दारांच्या बिजागऱ्या, छपराची रेघ, दोन चाकांमधले अंतर.

आधी ढोबळ काळ. लाकडी आऱ्यांची चाके आणि उभी सपाट काच दिसली तर विशीचे दशक किंवा त्याआधीचे. मडगार्डावर सुटे उभे दिवे आणि रुंद फुटबोर्ड असतील तर तिशीचे. दिवे मडगार्डात सामावलेले आणि फुटबोर्ड गायब, तर चाळिशीचा शेवट किंवा पन्नाशी.

मग बारीक खुणा. गोव्यातल्या अल्बमांत वारंवार दिसणाऱ्या काही गाड्यांच्या अशा:

*फोक्सवॅगन बीटल.* मागची काच पाहा. मधोमध पट्टी असलेली दुभंगलेली काच मार्च १९५३ पर्यंत, मग लंबगोल काच १९५७ च्या मध्यापर्यंत, त्यानंतर मोठी चौकोनी.

*मॉरिस मायनर.* पुढची काच मध्ये पट्टी असलेली, म्हणजे १९५६ पर्यंतची. अखंड वळलेली काच त्यानंतरची.

*मर्सिडीज १८०.* फुगीर बाजू, मडगार्ड अंगातच मिसळलेले. १९५३ ते १९६२ मध्ये बनली, डिझेलची आवृत्ती १९५४ पासून.

*फोर्ड मॉडेल टी.* १९०८ ते १९२७. फक्त काळ्या रंगात मिळायची ती १९१४ ते १९२५ एवढीच वर्षे, त्यामुळे काळा रंग पाहून "टी" म्हणू नका आणि रंग वेगळा दिसला म्हणून "टी नाही" असेही म्हणू नका.

*फियाट ११००.* "डुक्कर फियाट" हे नाव ऐकले की लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका. लोक ते वेगवेगळ्या पिढ्यांच्या फियाटला सरसकट लावतात.

फोटो अगदी बाजूने काढलेला असेल तर एक हिशेब फार उपयोगी पडतो. पडद्यावर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा आणि त्याला टायरच्या पूर्ण उंचीने भागा. मॉडेल टीचे हे अंतर १०० इंच आणि मागचा टायर ३० इंचांचा, म्हणजे भागाकार सुमारे ३.३. फोटोत तो ४ च्या आसपास आला तर ती टी नाही, दिसायला कितीही टी वाटली तरी. गाडी तिरकी उभी असेल तर मात्र हा हिशेब करूच नका. कोन थोडासाच असला तरी आकडा फसवतो.

शक्य असेल तर तशीच खरी गाडी समोर ठेवून पाहा. मडगावजवळ नुवें येथे जुन्या गाड्यांचा संग्रह आहे, शिवाय व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत मालक बहुधा आनंदाने बॉनेट उघडून दाखवतात. फोटोची छापील प्रत बरोबर न्या आणि ज्या कोनातून फोटो काढला आहे त्याच कोनात उभे राहा. घरी तासभर पाहून न दिसलेला फरक तिथे चटकन दिसतो.

तपासा: मॉडेल ठरवताना किमान तीन खुणा जुळायला हव्यात आणि एकही विरोधी नको. न जुळणारी एक खूण जुळणाऱ्या पाचांपेक्षा महत्त्वाची आहे. ती वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.

टप्पा ५: नंबरची पाटी

एका गाडीला एकच नंबर असतो ही समजूत गोव्यात चालत नाही. पोर्तुगीज काळातला नंबर वेगळा. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश असताना "जीडी" ने सुरू होणारी मालिका आली. १९८९ नंतर "जीए". म्हणजे फोटोतला नंबर आणि तिजोरीतल्या आरसी बुकातला नंबर जुळला नाही म्हणून गाडी वेगळी ठरत नाही, आणि नुसत्या अंकांत साम्य दिसले म्हणून तीच गाडीही ठरत नाही. दोन्हींना जोडणारा कागद लागतो.

पाटीवर "बीएम" दिसले तर गाडी मुंबई इलाख्यात नोंदलेली. यात अवघड काही नाही: जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्या जोडत होता आणि मुंबईत कामाला असलेले गोंयकार सुट्टीला गाडी घेऊन येत. मात्र १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेवरची ये-जा जवळपास थांबली होती. टप्पा ३ मधला काळ आणि ही पाटी एकमेकांशी पटतात का, ते पाहा.

अंक अर्धवट असतील तर खात्रीचा अंक जसाच्या तसा लिहा आणि संशयाच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. दुसऱ्या माणसाला तुमचे वाचन न सांगता पाटी वाचायला द्या. दोघांचे जुळले तेवढेच खरे धरा.

टप्पा ६: माणसांशी बोला, पण अंदाज खिशात ठेवून

वयस्कर माणसांकडे जायची घाई असते, आणि ती योग्यही आहे, कारण त्यांच्या वयाला थांबायला वेळ नाही. पण प्रश्न कसा विचारता त्यावर सगळे आहे.

"आजी, ही आजोबांचीच शेवरोले ना?" असे विचारले की आजी "हो रे बाबा" म्हणणार. त्याऐवजी फोटो हातात द्या आणि गप्प बसा. मग, "आजी, त्या दिवशी काय होते गो?" लोकांना वर्ष आठवत नाही, प्रसंग आठवतो. कोणाचे लग्न, कुठली जत्रा, मुक्तीच्या आधी की नंतर, आजी तेव्हा सासरी आल्या होत्या की नव्हत्या. या प्रसंगांना नंतर तारखा लावता येतात.

विचारायलाच हवेत असे तीन प्रश्न: गाडी कोण चालवायचा? ती रात्री कुठे ठेवायचे? दुरुस्तीला कोणाकडे जायची? पहिल्या प्रश्नातून ड्रायव्हरच्या कुटुंबाकडे वाट निघते, आणि मालकाच्या मुलांपेक्षा ड्रायव्हरच्या मुलांना गाडीबद्दल जास्त ठाऊक असते. तिसऱ्यातून जुन्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे.

सावध: गाडीला टेकून उभा असलेला माणूस मालक असतोच असे नाही. लग्नाला गाडी मागून आणत, भाड्याने आणत, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या गाडीजवळही हौसेने फोटो काढत. फोंड्याकडच्या एका घरात तीन पिढ्या ज्या गाडीला "आमची" म्हणत होत्या, ती वऱ्हाडाला भाड्याने आणलेली निघाली. भाड्याची पावती त्याच अल्बमच्या पुठ्ठ्यात होती.

टप्पा ७: कागद

घरापासून सुरू करा. हिशेबाच्या वह्या, कीर्द, विम्याचे कागद, कराच्या पावत्या, सुट्या भागांची बिले. जुन्या घरांत जमाखर्च मराठीत नीट लिहिलेला असतो, आणि "मोटारीस तेल" ही ओळ ज्या महिन्यापासून सुरू होते तोच गाडी आल्याचा महिना. ती ओळ कधी थांबते तेही शोधा.

यानंतर गोव्याची खास जागा, जी बहुतेकांना सुचत नाही: वारसाहक्काचा इन्व्हेंतार. इथल्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे माणूस गेल्यावर मालमत्तेची यादी न्यायालयापुढे होत असे. तिच्यात स्थावराबरोबर जंगम मालमत्ताही येते, त्यात मोटारही. तुम्ही वारस असाल तर त्या फायलीची प्रमाणित प्रत मागता येते. मृत्यूचे वर्ष आणि तालुका हाताशी ठेवून जा.

सार्वजनिक कागदांसाठी पणजीत दोन ठिकाणे आधी: पुराभिलेख खाते आणि पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वृत्तपत्रे आहेत. "ओ हेराल्दो" १९०० पासूनचे. पोर्तुगीज येत नसेल तरी जाहिराती चाळता येतात, चार शब्द ओळखायला शिका: "आउतोमोव्हेल" म्हणजे मोटार, "व्हेंदे-से" म्हणजे विकणे आहे, "मात्रिकुला" म्हणजे नोंदणी, "लिव्ह्रेत" म्हणजे गाडीचे नोंदणीपुस्तक. त्यांचे रोमी लिपीतले रूप कोणाकडून तरी लिहून घ्या. काळाची खिडकी न ठरवता गेलात तर वर्षानुवर्षांचे अंक उलटत बसाल. टप्पा ३ गाळू नका म्हटले ते याचसाठी.

मुक्तीनंतरच्या नोंदींसाठी वाहतूक खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. इथे एक मुद्दा ध्यानात ठेवा. "मालकाचे नाव खासगी आहे" म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पण २००५ च्या या कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या बाबींना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. अर्जातच ते कलम लिहा, जुना नंबर नेमका द्या आणि "सर्व माहिती द्यावी" असे लिहू नका. "अमुक नंबरच्या वाहनाच्या नोंदवहीतील पानाची प्रत" असे मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

टप्पा ८: गाडी अजून उभी असेल तर चासी नंबर

कुठल्यातरी गोठ्यात ती गाडी अजून आहे असे कळले की लोक आधी इंजिन पाहतात. इंजिन बदललेले असू शकते, पेट्रोलच्या जागी डिझेल बसवणे तर आम बाब होती. ओळख चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची.

बीटलमध्ये चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर कोरलेला असतो. मॉडेल टीमध्ये मात्र उलटे, तिथे इंजिनावरचाच नंबर ओळखीचा. बाकी गाड्यांत बहुधा बॉनेटखाली आडव्या पत्र्यावर पट्टी असते. कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या, शिवाय फोटो काढा.

सावध: गंज काढायला पॉलिश पेपर मारू नका. अंक झिजले तर नंबरात फेरफार केल्याचा संशय तुमच्यावर येईल. थोडे तेल, मऊ कापड आणि धीर एवढेच वापरा.

चासी नंबर मिळाला की कारखान्याच्या दप्तराला लिहिता येते. ऑस्टिन, मॉरिस, एमजीसाठी इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम, फोक्सवॅगनसाठी वोल्फ्सबुर्गचे संग्रहालय, मर्सिडीजसाठी श्टुटगार्टचे कंपनीचे दप्तर. तिथून बनल्याची तारीख, मूळ रंग, कुठे रवाना झाली हे कळू शकते. सगळ्या वर्षांच्या नोंदी टिकलेल्या नाहीत, आणि यासाठी फी लागते. फोटो पाठवून "ही कुठली गाडी" असे त्यांना विचारू नका. ते काम टप्पा ४ मध्ये तुम्हीच केलेले असते.

टप्पा ९: जोडणी

आता वही उघडा. फोटोतली गाडी आणि गोठ्यातली गाडी एकच, असे म्हणायला दोन्हींना बांधणारी निदान एक गोष्ट हवी: जुना आणि नवा नंबर एकत्र असलेली नोंद, किंवा दोन्हीकडे दिसणारी अशी खूण जी कारखान्यात बनलेली नाही. डाव्या मडगार्डावरचा पोचा, हाताने बसवलेला जादा दिवा, उलटा लावलेला बंपर. मॉडेल जुळते, गाव जुळते, आडनाव जुळते, एवढ्यावर "तीच" लिहू नका. "बहुधा तीच" लिहा.

५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी रस्त्यावर आणायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे "व्हीए" मालिकेत नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि वापर प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरता, रोजच्या फिरतीला नाही. तिथे जुने आरसी बुक मागतात, फोटो नाही. म्हणून टप्पा ७ चे कागद आधी, गॅरेजला आगाऊ रक्कम नंतर.

मूळ फोटो परत ठेवताना आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. त्याच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका, शाई पुढे उमटते. वहीतल्या तीन रकान्यांची एक प्रत त्याच पाकिटात, पण वेगळ्या कागदावर घाला, आणि ज्या आजींनी तो दिवस आठवून सांगितला त्यांचे नाव "ऐकले" या रकान्यात पूर्ण लिहा.